पाळणे हेही एक व्रत

मराठी भाषेत 'पाळणे' हे मोठे अर्थपूर्ण क्रियापद आहे. आपण दिलेला शब्द पाळतो, वेळ पाळतो, उपवास पाळतो, परमेश्वराच्या दहा आज्ञा पाळतो; आणि त्याच क्रियापदाने आपण गाय पाळतो, कुत्रा पाळतो, डुक्करही पाळतो. आईवडिलांना आपण 'पालक' म्हणतो आणि धर्मग्रामाची काळजी वाहणाऱ्या संताला 'पालक संत'. इंग्रजीत घरातल्या लाडक्या प्राण्यासाठी एक शब्द आहे आणि उत्पन्नासाठी ठेवलेल्या जनावरासाठी दुसरा. मराठीने हा भेद मानला नाही. 'पाळीव' म्हटले की उंबरठ्याच्या आतले मांजर त्यात आले आणि नाल्याकाठचे डुक्करही आले.

भाषेने जे सहज एकत्र ठेवले, ते आपल्या मनात एकत्र असते का? एखाद्या मुक्या जीवाची काळजी घेण्याचे बंधन आपल्यावर नेमके कशामुळे येते? तो जीव आपल्याला आवडतो म्हणून, की आपण त्याला पाळले म्हणून? गाय किंवा कुत्रा डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तर ते फार लवकर आणि फार सोपे मिळते, कारण तेथे आवड आणि कर्तव्य एकाच वाटेने चालत असतात. या दोन वाटा फुटतात तेथेच नीतीची परीक्षा होते. म्हणून या लेखात डुकराचा विचार करावयाचा आहे, आणि त्याच्याबरोबर त्या माणसाचाही, जो डुक्कर आजारी पडले की औषधाची पेटी घेऊन त्याच्यापाशी जातो.

या विचारासाठी वर्धा जिल्हा ही मोठी बोलकी भूमी आहे. मुक्या जनावरांच्या सेवेला या जिल्ह्याने संस्थेचे रूप दिले. जमनालाल बजाज यांनी आपल्या आयुष्याचे अखेरचे महिने गोसेवेला वाहिले. १९४१ साली वर्ध्यात गोसेवा संघाची स्थापना झाली आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजींचे निधन झाले. आर्वीकडच्या भागात जोपासला गेलेला गवळाऊ हा पांढरा, चपळ गोवंश जिल्ह्याचे भूषण मानला जातो. वर्ध्याजवळच्या पिपरी (मेघे) येथे 'पीपल फॉर अ‍ॅनिमल्स' या संस्थेचा करुणाश्रम जखमी आणि निराधार प्राण्यांना आसरा देतो. अशा या करुणेच्या परंपरेत डुकराचे स्थान कोणते? शहरांच्या कडेला, नाल्यांच्या काठी, बाजार उठल्यावर उरलेल्या भाजीपाल्यात तोंड घालून ते जगते. त्याला मालक असतो, पण ते मालकाचे आहे असे कोणी मानत नाही. ते पाळलेले असते, पण त्याचे पालन होते असे म्हणवत नाही.

याच प्राण्याचे दुसरे जीवन पाहावयाचे असेल तर समुद्रापलीकडे जावे लागते. १९८०च्या दशकात व्हिएतनामी वंशाची, पोट लोंबणारी लहान डुकरे कॅनडामार्गे अमेरिकेत पोहोचली आणि अनेक कुटुंबांनी ती घरात ठेवली. त्यांना नावे मिळाली, अंथरुणे मिळाली, वर्षातून ठराविक वेळी दवाखान्याची भेट मिळाली. तेथील पशुदवाखान्यांत डॉक्टरांच्या जोडीला शिक्षण घेतलेले पशुवैद्यकीय तंत्रज्ञ असतात. रुग्णालयात परिचारिकेचे जे स्थान, ते पशुदवाखान्यात यांचे. डुकराचे वजन घेणे, वाढलेले खूर कापणे, नराचे सुळे घासणे, सुईच्या वेळी त्याला शांत धरणे, भूल दिली असता त्याच्या श्वासावर आणि तापमानावर लक्ष ठेवणे ही कामे त्यांची. लाडाने खाऊ घालून डुक्कर इतके लठ्ठ होते की चरबीच्या घड्यांखाली त्याचे डोळे झाकले जाऊन त्याला दिसेनासे होते. तेव्हा मालकिणीला हे स्पष्ट शब्दांत सांगण्याचे अवघड कामही बहुधा तंत्रज्ञाच्याच वाट्याला येते. असे डुक्कर नीट सांभाळले तर पंधरा वर्षे आणि कधी त्याहूनही अधिक जगते.

आता हे ध्यानात घ्यावे की गालिच्यावर झोपणारे ते डुक्कर आणि हिंगणघाटच्या वा पुलगावच्या एखाद्या नाल्याकाठचे हे डुक्कर यांच्या देहात काही फरक नाही. दोघांनाही घाम गाळून अंग थंड करता येत नाही. म्हणूनच डुक्कर चिखलात लोळते. त्यात घाणीची आवड नसते. उन्हापासून आणि माश्यांपासून आपली कातडी वाचविण्याचा निसर्गाने दिलेला तो उपाय आहे. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा सावली आणि पाणी न मिळालेल्या डुकराची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी. दोघांचीही बुद्धी सारखीच. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात चार डुकरांनी नाकाने दांडा हलवून पडद्यावरील ठिपका योग्य जागी नेण्याचे काम आत्मसात केल्याचे नोंदविले आहे. आपले नाव ओळखणारा, माणसांमाणसांतला फरक जाणणारा हा जीव आहे. तेव्हा एकाला मिळणारी काळजी आणि दुसऱ्याला मिळणारी उपेक्षा यांतले अंतर प्राण्यातून आलेले नाही. ते आपल्या आवडीनिवडीतून आले आहे.

जो माणूस दोन्ही प्रकारच्या डुकराला सारख्याच हाताने स्पर्श करतो, त्याच्याकडे आता वळू या. आपल्याकडे त्याला 'तंत्रज्ञ' असे भारदस्त नाव क्वचितच मिळाले. सरकारी कागदपत्रांत तो पशुधन पर्यवेक्षक म्हणून ओळखला गेला, कोठे व्रणोपचारक म्हणून, कोठे नुसता परिचर म्हणून. आणि गावात मात्र सगळ्यांसाठी तो 'ढोरांचा डॉक्टर' किंवा 'कंपाउंडर'. यांपैकी 'व्रणोपचारक' हा शब्द मनन करण्यासारखा आहे. व्रणावर, म्हणजे जखमेवर, उपचार करणारा. कोणाची जखम, हे त्या शब्दात सांगितलेले नाही. भल्या शेतकऱ्याच्या बैलाची की वस्तीबाहेरच्या डुकराची, असा प्रश्न ते पदनाम विचारीत नाही.

१९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने या माणसाची जागा आखून दिली आहे. पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पदवीधराने करावा. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या पर्यवेक्षकाने त्याच्या देखरेखीखाली व मार्गदर्शनाखाली किरकोळ स्वरूपाच्या सेवा द्याव्यात, असा त्याचा आशय. नागपूरला सेमिनरी हिल्स म्हणून प्रसिद्ध असलेल्या टेकडीच्या परिसरात आपल्या धर्मगुरूंना घडविणारी सेंट चार्ल्स सेमिनरी आहे आणि त्याच परिसरात १९५८ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. विदर्भातील पशुवैद्यकांच्या कित्येक पिढ्या तेथे शिकल्या. परंतु पदवीधर डॉक्टर प्रत्येक खेड्यात पोहोचू शकत नाही. महाराष्ट्रातील श्रेणी दोनचे पशुदवाखाने वर्षानुवर्षे पदवी नसलेल्या याच कर्मचाऱ्यांच्या भरवशावर चालत आले. कायद्याच्या पुस्तकात ज्या सेवेला 'किरकोळ' म्हटले, ती दूरच्या वस्तीवरील जनावराच्या दृष्टीने बहुधा एकमेव सेवा होती.

ही सेवा डुकराच्या बाबतीत किती कठीण असते, हे समजून घेतले पाहिजे. गाय दावणीला बांधलेली असते. डुकराला पकडले, उचलले की ते अशी किंकाळी फोडते की तिचा आवाज शंभर डेसिबलच्याही वर जातो. घाबरलेले, धावून तापलेले डुक्कर नुसत्या त्या ताणानेही दगावू शकते. म्हणून जाणता कर्मचारी त्याचा कान वा शेपूट धरून ओढीत नाही. तो साधी लाकडी फळी आडवी धरून, हळूहळू पाऊल टाकीत त्याला कोपऱ्यात आणतो आणि पुढ्यात खाणे ठेवून मगच सुई टोचतो. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी विते हे त्याला ठाऊक असते. बंदिस्त जागेत जन्मलेल्या पिल्लांना आईच्या दुधातून पुरेसे लोह मिळत नाही, म्हणून तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचे इंजेक्शन द्यावयाचे, हेही तो जाणतो. खरूज कोणती आणि कातडीवर चौकोनी लाल चट्टे उठविणारा एरिसिपेलस कोणता, हे तो पाहताक्षणी सांगतो.

यांतले एक ज्ञान तर नीतीच्या अभ्यासकानेही शिकून घ्यावे असे आहे. उन्हाळ्यात बराच काळ पाणी न मिळालेल्या डुकराच्या शरीरात क्षाराचे प्रमाण वाढून त्याच्या मेंदूला इजा होते. ते अडखळते, गोल फिरू लागते. अशा वेळी दया येऊन कोणी त्याच्यापुढे बादलीभर पाणी ठेवले आणि त्याने ते एकदम पिऊन टाकले, तर मेंदूला सूज येऊन ते अधिकच बिघडते. पाणी थोडे थोडे, ठरावीक अंतराने द्यावे लागते. येथे नुसती दया पुरेशी नाही. अज्ञानी दया घातकही ठरते. चांगल्या भावनेला शिस्तीची आणि ज्ञानाची जोड मिळते तेव्हाच तिला सेवा म्हणता येते. पशुवैद्यकीय कर्मचाऱ्याचे नैतिक महत्त्व येथे आहे. पुष्कळदा त्याला ते डुक्कर आवडतही नसेल. पण त्याचे हात योग्य तेच करतात. आवडीची वाट न पाहता केलेली योग्य कृती, हेच तर कर्तव्याचे शुद्ध रूप.

आता डुकराच्या अशुद्धतेचा प्रश्न. मोशेच्या नियमशास्त्राने डुक्कर अशुद्ध ठरविले होते, आणि आपल्या देशातही त्याचा स्पर्श हीन मानला गेला. पण विज्ञान या बाबतीत काय सांगते? डुकराच्या मांसातून येणारा म्हणून ज्या फीतकृमीची आपण धास्ती घेतो, तो पूर्ण वाढलेल्या अवस्थेत माणसाच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि उघड्यावरची ती घाण खाल्ल्याने डुकराला बाधा होते. एवढेच काय, ज्या रोगात या कृमीच्या पुटकुळ्या मेंदूत जाऊन माणसाला फेफरे येते, तो रोग माणसाच्याच विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून वा भाजीतून आलेल्या अंड्यांमुळे होतो. म्हणून ज्याने जन्मात कधी मांस खाल्ले नाही त्यालाही तो होऊ शकतो. याचा अर्थ इतकाच की जी अशुद्धता आपण डुकराच्या माथी मारली, ती मुळात आपली होती. माणसाने उघड्यावर टाकलेली घाण त्या जीवाने पोटात घेतली आणि वर अपवित्रतेचा शिक्काही स्वतःवर घेतला.

१९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना गांधीजी आणि त्यांचे सहकारी जवळच्या सिंदी या गावी जाऊन उघड्यावरील मैला उचलत असत. महादेव देसाईंसारखा विद्वान माणूस त्या कामी रोज बादली घेऊन जात असे. घाण ज्याने केली त्याने ती उचलावी, हा त्यामागचा विचार होता. पुढे १९३९ साली सेवाग्राम आश्रमात कुष्ठरोगाने जर्जर झालेले परचुरे शास्त्री आले, तेव्हा गांधीजींनी स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. त्याआधी, १९३६ सालीच मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेला प्रारंभ केला होता. या उदाहरणांत माणूस आणि पशू यांना एका पायरीवर बसविण्याचा हेतू नाही. माणूस परमेश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाला, ही आपली श्रद्धा आहे आणि ती अढळ आहे. सांगावयाचे ते एवढेच की ज्याला हात लावण्यास समाज कचरतो, त्याला हात लावणे ही वर्ध्याच्या मातीला ठाऊक असलेली सेवा आहे.

आणि शिक्का एका प्राण्यावर बसून थांबत नाही. डुक्कर पाळणाऱ्या माणसावरही तो बसतो. विदर्भात आणि महाराष्ट्रात इतरत्र डुकरे पाळण्याचा व्यवसाय प्रामुख्याने कैकाडी, वडार यांसारख्या कष्टकरी जमातींच्या वाट्याला आला. त्यांच्याजवळ जमीन नव्हती. गाईम्हशी बांधण्याइतकी ऐपत नव्हती. उकिरड्यावर जगणारे आणि एका वेतात आठदहा पिल्ले देणारे जनावर हीच त्यांची बँक होती. लग्नकार्य, दुखणेखुपणे, मुलाची फी यांसाठी ते डुक्कर विकले जाई. अशा घरातले डुक्कर आजारी पडते तेव्हा एका जनावराबरोबर एका कुटुंबाचा आधार डगमगतो. तरीही गाईसाठी दवाखान्याचे दार ठोठावणारा माणूस जितक्या हक्काने येतो, तितक्या हक्काने डुकराचा मालक येत नाही. आपल्याला हुसकावून लावतील ही भीती त्याच्या मनात पिढ्यान् पिढ्या मुरलेली असते. त्याच्या वस्तीवर जो पर्यवेक्षक आपण होऊन जातो, पडवीत टेकतो, दिलेला चहा घेतो आणि मग डुकरिणीचा ताप पाहतो, तो पशूवर उपचार करता करता एका माणसाची प्रतिष्ठाही जपत असतो.

संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला आपल्या कानांवरून अनेकदा गेला आहे. त्यातील एका तपशिलाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. परदेशात तो तरुण डुकरे राखण्याच्या कामावर राहिला. डुकरांना खावयाला शेंगा होत्या. पण डुकरे राखणाऱ्याला कोणी काही देत नव्हते. मालकाला जनावरांची किंमत होती, राखणाऱ्याची नव्हती. आपल्या समाजाने या दोघांपैकी कोणालाच नीट जपले नाही. म्हणून डुकराच्या पालनाविषयी बोलताना राखणाऱ्याला आणि उपचार करणाऱ्याला बाजूला ठेवून बोलणे हा अर्धा विचार ठरेल.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. माणसे उपाशी असताना, गरिबांना औषध मिळत नसताना, डुकरांच्या दुखण्यासाठी पैसा आणि श्रम का खर्च करावेत? आपल्या ख्रिस्तसभेने या आक्षेपाची दखल घेतली आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत प्राण्यांविषयीचे विवेचन सातव्या आज्ञेच्या प्रकरणात आले आहे. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती आहे आणि माणसाने त्यांच्याशी ममतेने वागले पाहिजे. अन्नवस्त्रासाठी त्यांचा उपयोग करणे योग्य आहे. पण त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेलाच बाधक आहे. आणि त्याबरोबरच, मानवी दुःखनिवारणासाठी जो पैसा प्राधान्याने जावा तो प्राण्यांवर उधळणेही उचित नाही, असा त्याचा सारांश आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात निसर्गाचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले. या शिकवणीच्या प्रकाशात मिनी डुकराचा वाढदिवस थाटाने साजरा करणारा श्रीमंत आणि उन्हात पाण्यावाचून डुक्कर बांधून ठेवणारा बेफिकीर मालक, दोघेही चुकतात. पहिल्याचे प्रेम अस्थानी आहे, दुसऱ्याला पाळण्याचा अर्थच कळलेला नाही.

परंतु नाल्याकाठच्या डुकराच्या बाबतीत 'आधी माणूस की आधी पशू' हा प्रश्नच फार काळ टिकत नाही. फीतकृमीचे उदाहरण वर आलेच आहे. जपानी मेंदूज्वराचे विषाणू पाणपक्ष्यांकडून डासांमार्फत डुकराच्या रक्तात येतात, तेथे वाढतात आणि पुन्हा डासांमार्फत लहान मुलांपर्यंत पोहोचतात. धानशेतीच्या पूर्व विदर्भाला या रोगाची ओळख आहे. डुकरांना वस्तीपासून दूर, स्वच्छ, बंदिस्त जागेत ठेवणे, त्यांना वेळेवर लस टोचणे, आजारी जनावराची बातमी वेळीच वर कळविणे यांत डुकराचे हित आहे, पाळणाऱ्याचे आहे आणि गावातल्या मुलांचेही आहे. या तिन्ही हितांच्या सांध्यावर उभा असलेला माणूस म्हणजे तो पशुवैद्यकीय कर्मचारी.

दुसरा आक्षेप आपल्या स्वयंपाकघरातून येतो. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून सणासाठी परसात डुक्कर पोसण्याची रीत जुनी आहे. नाताळच्या जेवणात त्याचे स्थान ठरलेले आहे. जे शेवटी कापावयाचे त्याची एवढी काळजी ती कशाला? शिवाय गरसेकरांच्या प्रदेशात प्रभू येशूने भुतांना डुकरांत जाऊ दिले आणि सुमारे दोन हजार डुकरे समुद्रात बुडाली, हे संत मार्कने सांगितलेच आहे. संत अगस्तीन यांनी तर या प्रसंगाचा आधार घेऊन, पशूंना मारणे पाप मानणाऱ्या मानीपंथीयांचे खंडन केले होते. हे सारे मान्य करूनही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. त्या प्रसंगाचे मर्म एका छिन्नविच्छिन्न झालेल्या माणसाला त्याचे भान परत मिळाले, यात आहे. डुकरांना छळण्याचा परवाना त्यातून निघत नाही. पशूचा वध करण्याची मुभा असणे वेगळे आणि तो जिवंत आहे तोवर त्याला कसेही वागविण्याची मुभा असणे वेगळे. जो माणूस मांस वर्ज्य करतो त्याचा मार्ग आदरणीय आहे. पण जो वर्ज्य करीत नाही त्याच्यावरील बंधन त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते. ज्या जीवाने आपल्या ताटात यावयाचे आहे, त्याला निदान सावली, पाणी, औषध आणि कमीत कमी वेदनेचे मरण मिळावे, हे त्याचे आपल्यावरील ऋण आहे. देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्या प्रत्येकावर त्याच्या कल्याणाची जबाबदारी टाकली आहे, आणि ती टाकताना गाय व डुक्कर असा भेद केलेला नाही.

या सर्व विचारात सर्वांत अवघड जागा अजून यावयाची आहे. २०२० साली आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग भारतात प्रथम ईशान्येकडील राज्यांत आढळला आणि नंतर इतरत्र पसरला. तो माणसाला होत नाही. पण डुकरांना झाला की बहुतेक दगावतात. त्यावरील लस आपल्या देशात उपलब्ध नाही. म्हणून रोग आढळलेल्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील सर्व डुकरे, निरोगी दिसणारीसुद्धा, मारून पुरावीत, असा नियम आहे. हे काम कोणी करावयाचे? ज्यांनी त्या पिल्लांना तिसऱ्या दिवशी लोहाची सुई टोचली, त्याच हातांनी. ज्याच्यावर विश्वास ठेवून मालकाने गोठा दाखविला, तोच माणूस आता त्या दारात मारण्याचा हुकूम घेऊन उभा राहतो. मालकाला नुकसानभरपाई देण्याची तरतूद आहे. पण त्या कर्मचाऱ्याच्या मनाचे काय?

१९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत तडफडत होते आणि ते वाचण्याची आशा उरली नव्हती. गांधीजींनी डॉक्टरांकरवी त्याला विषाची सुई देवविली. अहिंसेच्या उपासकाने हे केले म्हणून देशभर वादळ उठले. गांधीजींनी आपली भूमिका उघडपणे मांडली आणि टीका सोसली. त्या निर्णयाशी कोणी सहमत होवो वा न होवो, एक गोष्ट निर्विवाद आहे. निर्णय घेणाऱ्याने त्याचे ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतले, सुई देणाऱ्या हातावर ढकलले नाही. साथीच्या वेळी आपण नेमके याच्या उलट करतो. निर्णय कार्यालयात होतो, त्याचा लाभ साऱ्या समाजाला मिळतो, आणि त्याचा डाग मात्र खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या अंगाला लागतो. त्या दिवशी तो घरी परतला की त्याला कोणी विचारत नाही, उलट चार लोक दूर सरकतात. डुकराच्या बाबतीत आपण जे केले, आपली घाण त्याच्यावर टाकून त्यालाच अपवित्र ठरविले, तेच आपण या माणसाच्या बाबतीतही करतो. आपल्या वतीने कठीण काम करणाऱ्याला त्या कामाच्या डागासह एकटे सोडणे, हा समाजाने केलेला अन्याय आहे.

ख्रिस्तसभेच्या परंपरेत डुक्कर एका संताच्या पायाशी बसलेले आहे. हे संत अंतोनी म्हणजे आपल्या घराघरांत पूजनीय असलेले पदुआचे संत अंतोनी नव्हेत, तर इजिप्तच्या वाळवंटात तप करणारे मठाधिपती संत अंतोनी, पाळीव प्राण्यांचे पालक संत. त्यांचा सण १७ जानेवारीला येतो आणि अनेक देशांत त्या दिवशी चर्चच्या अंगणात जनावरांना आशीर्वाद दिला जातो. अकराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नावाने फ्रान्समध्ये एक सेवासंघ उदयास आला. अंगाची आग करणाऱ्या एका भयंकर रोगाच्या पीडितांची हे बंधू शुश्रूषा करीत. त्यांच्या रुग्णालयाची डुकरे शहरातून मोकळी फिरत आणि नागरिक त्यांना खाऊ घालीत. त्या डुकरांच्या गळ्यात घंटा असे. घंटेचा नाद आला की लोकांना कळे, हे डुक्कर बेवारस नाही, हे रुग्णांचे आहे. त्यांची चरबी रुग्णांच्या मलमात पडे. त्यांचा अंत ठरलेला होता, आणि तरी ती सर्वांची जबाबदारी होती.

आपल्या रस्त्यांवर आज डुकरे मोकळी फिरावीत असे कोणी म्हणणार नाही. पण त्या घंटेचा अर्थ आपल्याला घेता येईल. ज्या धर्मग्रामांत डुक्करपालन करणारी कुटुंबे आहेत, तेथे बंदिस्त, सावलीचा गोठा आणि पाण्याची सोय करण्यासाठी बचत गटांना हात देता येईल. पशुसंवर्धन खात्याच्या कर्मचाऱ्याला बोलावून लसीकरणाचा दिवस ठरविता येईल, आणि तो दिवस संत अंतोनींच्या सणाच्या जवळपास ठेवला तर आशीर्वाद आणि औषध एकाच अंगणात मिळतील. त्या कर्मचाऱ्याला दारात उभे न ठेवता घरात बसवता येईल. हातमोजे, साबण, गरम पाणी त्याच्यापुढे ठेवता येईल. आपल्या मुलामुलींपैकी कोणी पशुवैद्यकीय पदविकेकडे वळू पाहत असेल, तर 'ढोरांत कशाला जातोस' असे म्हणून त्याला मागे न ओढता त्या कामाची थोरवी त्याला सांगता येईल.

दहा आज्ञांतील एक आज्ञा पवित्र दिवस पाळण्याविषयी आहे. अनुवादाच्या पुस्तकात ती वाचताना असे दिसते की विसाव्याचा हा दिवस माणसाबरोबर त्याच्या बैलासाठी, गाढवासाठी आणि इतर जनावरांसाठीही सांगितला आहे. दिवस पाळणे आणि जनावर पाळणे या दोन गोष्टी परमेश्वराने एकाच आज्ञेत गुंफल्या. आणि विहिरीत पडलेला बैल विसाव्याच्या दिवशीही बाहेर काढावा लागतो, हे प्रभू येशूने आपल्या श्रोत्यांना विचारून त्यांच्याच मनाकडून कबूल करून घेतले. तो बैल मालकाला किती आवडतो, याची चौकशी त्याने केली नाही. जीव पाळलेला होता आणि तो संकटात होता, एवढे पुरेसे होते. तेच डुकराच्या बाबतीतही पुरेसे असावयास हवे.